शेवटच्या पानाचा जुलूम

कादंबरीचे शेवटचे पान आधी उघडून पाहणारा विद्यार्थी वर्गात सापडला, तर आपण शिक्षक मंडळी त्याला हसून दटावतो. कलाकृतीचा अर्थ तिच्या शेवटात साठवून ठेवलेला नसतो, तो तिच्या सबंध घडणीत पसरलेला असतो, हे आपण वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. माणसांच्या कारकिर्दी वाचताना मात्र हा नियम आपण सहज विसरतो. तेथे आपली पहिली जिज्ञासा 'अखेर काय झाले?' हीच असते, आणि त्या उत्तराच्या उजेडात मागची सगळी पाने आपण नव्याने रंगवून घेतो. ह्या वाचनपद्धतीशी आमचा मतभेद आहे. तो मांडण्यासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते अमेरिकन फुटबॉलमधील एका प्रशिक्षकाचे, मार्व्ह लेव्ही यांचे.

साहित्यविषयक लेखनाच्या जागी फुटबॉलचे काय काम, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात उमटणे स्वाभाविक आहे. लेव्ही हे इंग्रजी साहित्याचे पदवीधर होते, पुढे त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला, उतारवयात आत्मचरित्र आणि एक कादंबरीही लिहिली, हे एक उत्तर झाले. परंतु तेवढ्यासाठी हा विषय काढण्याचे कारण नव्हते. लेव्ही यांच्या कारकिर्दीवर तिच्या शेवटाने जितका जुलूम केला, तितका फार थोड्या कारकिर्दींच्या वाट्याला आला असेल. म्हणून ती तपासण्याजोगी आहे.

ह्या गृहस्थांविषयी अमेरिकेतील सामान्य माणसाला एकच वाक्य ठाऊक असते. बफेलो बिल्स हा त्यांचा संघ १९९० ते १९९३ ह्या चार हंगामांत सलग चार वेळा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि चारही वेळा हरला. न्यूयॉर्क जायंट्सकडून २०-१९, वॉशिंग्टनकडून ३७-२४, डॅलसकडून ५२-१७, पुन्हा डॅलसकडून ३०-१३. सलग चार वर्षे तेथवर पोहोचणारा आजवरचा तो एकमेव संघ आहे, हे त्याच वाक्याचे उत्तरार्ध आहे. पण ते सहसा उच्चारले जात नाही. पूर्वार्धातच वाचकाचे समाधान होते.

आता ह्या माणसाची पहिली पाने पाहू. लेव्ही यांचा जन्म ३ ऑगस्ट १९२५ रोजी शिकागो येथे झाला. १९४३ मध्ये शालान्त शिक्षण संपताच ते सैन्याच्या हवाई दलात दाखल झाले आणि तेथे हवामान निरीक्षणाचे काम करू लागले. युद्धानंतर आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथल्या को कॉलेज ह्या लहानशा महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळविली. कायदा शिकण्याच्या हेतूने ते हार्वर्डला गेले खरे, पण तेथे त्यांचा जीव रमला नाही. त्याच विद्यापीठातून इंग्लंडच्या इतिहासात एम. ए. होऊन ते बाहेर पडले आणि सेंट लुइस येथील एका शाळेत मुलांना खेळ शिकवू लागले. वकिली सोडून फुटबॉलचा प्रशिक्षक होणार, हे त्यांनी वडिलांना दूरध्वनीवरून कळविले, त्या वेळची हकिकत २००१ मध्ये कॅन्टन येथे फुटबॉलच्या मानकऱ्यांत आपला समावेश झाला तेव्हा त्यांनी सांगितली होती. वडील पहिल्या महायुद्धात लढलेले. पलीकडे काही क्षण नुसतीच शांतता पसरली आणि मग ते एवढेच म्हणाले, की मग चांगला प्रशिक्षक हो. यशस्वी हो, असे ते म्हणाले नाहीत. ह्या दोन विशेषणांमधले अंतर हाच ह्या लेखाचा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

पुढची पाने म्हणजे एक प्रदीर्घ भटकंती आहे. सेंट लुइसची शाळा, पुन्हा को कॉलेज, मग न्यू मेक्सिको विद्यापीठ, मग कॅलिफोर्निया विद्यापीठ, मग व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालय. त्यानंतर व्यावसायिक संघांत फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन. मग सीमा ओलांडून कॅनडातील माँट्रिअल. परतून कॅन्सस सिटी, शिकागो आणि अखेर बफेलो. मोठे मुक्काम मोजले तर बारा भरतात. प्रत्येक मुक्कामी नवे बिऱ्हाड, नवे सहकारी, नवी मुले, आणि डोक्यावर तीच टांगती तलवार. अमेरिकेत प्रशिक्षकाचा पेशा असा आहे, की हरणाऱ्याला हाकलून देतात आणि जिंकणाऱ्याला दुसरे कोणी तरी पळवून नेते. तेव्हा भटकंती हा स्वभावाचा भाग नसून धंद्याची अट आहे. आपल्याकडे पूर्वी गावोगाव बदलीवर फिरणाऱ्या मास्तरांच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ह्या आयुष्याची चव कळेल. फरक इतकाच की त्या मास्तरांची बदली होई, लेव्हींची हकालपट्टी होण्याची शक्यता अधिक असे.

आकडे काय सांगतात, तेही पाहू. न्यू मेक्सिकोत दोन वर्षांत १४ विजय आणि ६ पराभव, म्हणजे उत्तम. त्या जोरावर कॅलिफोर्नियाचे मोठे पद मिळाले, आणि तेथे १९६० ते १९६३ ह्या चार वर्षांत केवळ ८ विजय, २९ पराभव, ३ बरोबरी. आकड्यांपुरते पाहिले तर हा अध्याय फाडून टाकण्याच्या लायकीचा. परंतु ह्याच अध्यायात लेव्ही यांनी बिल वॉल्श नावाच्या एका तरुण साहाय्यकाला कामावर घेतले होते. ह्याच वॉल्श यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला तीन सुपर बोल जिंकून दिले आणि चेंडू हवेतून फेकत पुढे सरकण्याच्या तंत्राला नवे वळण लावले. त्या यशाचे श्रेय लेव्हींना द्यावे, असे आम्ही सुचवीत नाही. वॉल्श स्वतःच्या प्रतिभेने मोठे झाले. आमचे म्हणणे इतकेच की निकालांच्या रकान्यात ज्याची नोंद होऊ शकत नाही असे काही त्या चार वर्षांत घडत होते, आणि रकाना वाचणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून पुढील विवेचनासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ह्या खेळात लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा तो फेकत प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे असते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो. अगदी शेवटच्या रेषेपलीकडे तो नेला तर सहा गुण. तेवढे जमत नसेल तर चेंडू लाथाडून दोन उंच खांबांमधून पार करता येतो. त्याला फील्ड गोल म्हणतात आणि त्याचे तीन गुण मिळतात. सामन्याचा बहुतेक काळ आक्रमण आणि बचाव ह्यांतच जातो. लाथ मारण्याचे प्रसंग मोजके. त्यामुळे पूर्वी त्या प्रसंगांच्या सरावाकडे स्वतंत्र लक्ष पुरविण्याची रीत नव्हती. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने लेव्हींना नेमले ते खास ह्याच कामासाठी. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ह्या दुय्यम समजल्या गेलेल्या अंगासाठी नेमलेल्या सुरुवातीच्या मोजक्या प्रशिक्षकांपैकी ते एक होत. लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टन येथे जॉर्ज अॅलन ह्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यांनी तेच काम केले.

साहित्याच्या अभ्यासकाला ह्यात ओळखीचे काही दिसावे. मुख्य कथानकाकडे सगळे जग पाहत असताना समासात काय चालले आहे ते निरखणारा हा माणूस होता. बफेलोत त्यांच्याकडे स्टीव्ह टास्कर नावाचा एक खेळाडू १९८६ मध्ये आला. आधीच्या संघाने त्याला सोडून दिले होते. लाथाडलेल्या चेंडूमागे धावत जाऊन तो झेलणाऱ्याला जेरबंद करणे, एवढ्याच एका कामात टास्कर इतका निष्णात झाला की सर्वोत्तम खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी त्याची सात वेळा निवड झाली. समासातील मजकुराला मानाचे स्थान मिळण्याची अशी उदाहरणे कोणत्याही क्षेत्रात विरळच.

आणि येथेच नियतीचा, किंवा ज्यांना तो शब्द नको असेल त्यांच्यासाठी योगायोगाचा, एक विलक्षण खेळ दिसतो. ज्या माणसाने लाथाडलेल्या चेंडूचे शास्त्र शिकवून व्यावसायिक संघांत पाय रोवला, त्याला दोन देशांच्या दोन अंतिम सामन्यांत तोच चेंडू दगा देऊन गेला. माँट्रिअल अलुएट्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून लेव्हींनी १९७४ मध्ये कॅनडाचा ग्रे कप जिंकला. १९७५ मध्ये एडमंटनविरुद्धच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी अवघ्या १९ यार्डांवरून फील्ड गोल मारायचा होता. जमिनीवर चेंडू उभा धरणाऱ्याचा हात चुकला, चेंडू बाजूने गेला, आणि माँट्रिअल ९-८ असे हरले. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, माँट्रिअलच्याच ऑलिम्पिक स्टेडियमच्या गोठलेल्या मैदानावर त्याच एडमंटनचा त्यांनी ४१-६ असा फडशा पाडला. दोन ग्रे कप नावावर असलेला प्रशिक्षक 'अंतिम सामना जिंकू न शकणारा' म्हणून ओळखला जातो, ह्याचे कारण ते विजय सीमेपलीकडच्या देशात मिळाले. वाचक आपल्या सोयीचे शेवटचे पान निवडतो, ते असे.

कॅनडातून लेव्ही कॅन्सस सिटीला आले तेव्हा तेथील संघ दुबळा होता, विशेषतः बचावात. लेव्हींनी तेथे १९७८ मध्ये एक जुनाट समजली जाणारी रचना उपयोगात आणली. चेंडू फेकायचा कमी, हातात घेऊन धावायचे जास्त. त्यामुळे घड्याळाचे काटे पुढे सरकत राहतात आणि आपला दुबळा बचाव मैदानाबाहेर सुरक्षित बसून राहतो. पहिल्या वर्षी ४ विजय, मग ७, मग ८, मग ९. चढण संथ होती, पण चढणच होती. १९८२ च्या हंगामात खेळाडूंचा संप झाला, हंगाम नऊ सामन्यांवर आला, त्यांतले तीनच जिंकले, आणि लेव्हींना निरोप मिळाला. चार वर्षांच्या चढणीवर एका मोडक्या हंगामाने बोळा फिरविला. त्यानंतर १९८४ मध्ये एका नव्या लीगमधील शिकागोच्या संघाबरोबर ५ विजय आणि १३ पराभवांचे एक वर्ष. पुढच्याच वर्षाचा हंगाम त्या लीगचा अखेरचा ठरला. १९८६ च्या नोव्हेंबरात हंगामाच्या मध्यावरच बफेलोने त्यांना पाचारण केले, तेव्हा त्यांचे वय ६१ होते. ह्या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत गुंतलेला असतो.

बफेलोत लेव्हींनी जे केले ते कॅन्सस सिटीच्या नेमके उलट होते. फुटबॉलमध्ये दर खेळीपूर्वी संघ वर्तुळ करून उभा राहतो आणि पुढची चाल ठरवितो. बफेलोने हे वर्तुळच काढून टाकले. एक खेळी संपते न संपते तोच दुसरी सुरू. प्रतिपक्षाला श्वास घ्यायला उसंत नाही, खेळाडू बदलायला वेळ नाही. मैदानाबाहेरून हुकूम धाडण्याऐवजी चाल ठरविण्याचा अधिकार जिम केली ह्या क्वार्टरबॅककडे सोपविण्यात आला. संथ रचना आणि वेगवान रचना ह्यांपैकी लेव्हींची 'खरी शैली' कोणती, असा प्रश्न विचारणे आम्हांस निरर्थक वाटते. समोरच्या मुलांना काय झेपते ते पाहून त्यांनी दोन्ही वेळा शिकविण्याची पद्धत ठरविली. एकदा त्यांच्या उणिवा झाकल्या आणि एकदा त्यांच्या हाती स्वतःचा अधिकार दिला. साठी उलटलेल्या शिक्षकाने आपला अधिकार विद्यार्थ्याच्या हाती देणे किती कठीण असते, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने माहीत असेल.

आता ते प्रसिद्ध शेवटचे पान. २७ जानेवारी १९९१, टॅम्पा, फ्लोरिडा. आखाती युद्धाला प्रारंभ होऊन दहा दिवस झाले होते. आधीच्याच सामन्यात लॉस एंजेलिस रेडर्सना ५१-३ असे लोळवून आलेला बफेलोचा संघ विजयाचा दावेदार मानला जात होता. न्यूयॉर्क जायंट्सचे प्रशिक्षक बिल पार्सेल्स आणि त्यांच्या बचावाचे सूत्रधार बिल बेलिचिक ह्यांनी त्यावर एक साधा उपाय शोधला: चेंडूच आपल्याजवळ ठेवायचा. साठ मिनिटांच्या खेळात ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे होता. जगातला सर्वांत वेगवान संघ मैदानाबाहेर बाकावर बसून राहिला. कॅन्सस सिटीत लेव्हींनी जी संथ युक्ती वापरली होती, तिचाच हा मोठा आणि देखणा अवतार होता. तरीही शेवटच्या सव्वादोन मिनिटांत बफेलो आपल्या हद्दीच्या टोकापासून पुढे सरकत आले. आठ सेकंद उरले असताना स्कॉट नॉरवुड ४७ यार्डांवरून फील्ड गोल मारण्यास उभा राहिला. चेंडू उंच गेला, लांबही गेला, पण उजव्या खांबाच्या बाहेरून. २०-१९. 'उजवीकडून बाहेर' ह्या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द तेव्हापासून बफेलो शहराच्या बोलीतील दुःखाचे नाव होऊन बसले आहेत. मराठीत पानिपताचे जे झाले, तेच हे. एका मोहिमेचे नाव सर्वनाशाला समानार्थी शब्द म्हणून भाषेत रुजले, की त्या मोहिमेत आणखी काय होते ह्याची आठवण भाषा आपणहून पुसून टाकते.

दुसऱ्या दिवशी मात्र बफेलोच्या नायगारा चौकात हजारो लोक जमले आणि त्यांनी नॉरवुडच्याच नावाचा गजर केला. ज्याच्या पायाने सामना गेला त्याला लोकांनी बोलावून घेतले, आणि तो त्यांच्यापुढे उभा राहिला. वाचक म्हणून ही गर्दी आम्हांस क्रीडा-समीक्षकांपेक्षा अधिक प्रगल्भ वाटते. तिने शेवटचे पान वाचले होते, पण पुस्तक मिटले नव्हते.

त्या पराभवानंतर लेव्हींनी आपल्या खेळाडूंपुढे एक जुने इंग्रजी कथागीत ठेवले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. सर अँड्र्यू बार्टन ह्या स्कॉटिश दर्यावर्दीविषयीचे ते पारंपरिक गीत आहे. त्यात जखमी बार्टन क्षणभर पडून राहण्याची आणि पुन्हा उठून लढण्याची भाषा बोलतो. प्रेरणादायी भाषणांत आणि भिंतीवर टांगण्याच्या तक्त्यांवर ह्या ओळींना पुढे चांगला भाव आला. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने हे गीत पुढे वाचले पाहिजे. बार्टन पुन्हा उठत नाही. तो मरतो, आणि त्याचे मस्तक इंग्लंडच्या राजापुढे नेले जाते. इतिहासातला अँड्र्यू बार्टनही १५११ मध्ये इंग्रजांशी झालेल्या सागरी झुंजीतच मारला गेला. ते धीराचे शब्द विजेत्याच्या तोंडी नाहीतच. ते हरणाऱ्याच्या तोंडी आहेत, आणि त्यांची प्रतिष्ठा ते खरे ठरण्यावर अवलंबून नाही. इंग्रजी साहित्याची पदवी आणि इंग्लंडच्या इतिहासाची एम. ए. मिळविलेल्या माणसाला हा शेवट ठाऊक नसेल, असे मानणे आम्हांस जड जाते. त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण कवितेतील ओळी तिच्या शेवटापासून तोडून घोषवाक्य म्हणून वापरणे आणि कारकिर्दीचा शेवट तिच्यापासून तोडून निवाडा म्हणून वापरणे, ही एकाच प्रकारची हिंसा आहे, एवढे आम्ही नक्की म्हणू.

पुढच्या तीन वर्षांत काय झाले? ३ जानेवारी १९९३ रोजी ह्यूस्टनविरुद्ध बफेलो ३-३५ असे मागे होते. केली जखमी होता, म्हणून राखीव क्वार्टरबॅक फ्रँक राइक खेळत होता. तो सामना बफेलोने अतिरिक्त वेळेत ४१-३८ असा जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस सुपर बोलमध्ये डॅलसने त्यांचा धुव्वा उडविला. बफेलोने नऊ वेळा चेंडू गमावला. धावफलकावर ५२-१७ असताना, खेळ जवळजवळ संपला असताना, डॅलसचा लिऑन लेट निसटलेला चेंडू उचलून मोकळ्या मैदानातून धावत सुटला. रेषा जवळ आल्यावर विजयाच्या तोऱ्यात त्याने चेंडू धरलेला हात लांब केला. मागून बफेलोचा डॉन बीबी धावत आला आणि रेषेच्या अगदी अलीकडे त्याने तो चेंडू हातातून उडविला. निकालात त्याने काहीही बदलणार नव्हते. तरीही तो धावला, आणि ही धाव त्या सामन्यातील डॅलसच्या कोणत्याही गुणाइतकीच आज लोकांच्या स्मरणात आहे. शिकवण नावाची गोष्ट कोठे दिसते असे कोणी विचारले, तर आम्ही ह्या धावेकडे बोट दाखवू.

आमच्या ह्या प्रतिपादनावर आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. स्पर्धात्मक खेळाचे प्रयोजनच जिंकणे हे आहे; तेथे कादंबरीचे निकष लावणे म्हणजे पराभवावर भरजरी शेला पांघरणे होय, असे कोणी म्हणेल. शिवाय चार पराभवांपैकी एकच अटीतटीचा होता. उरलेल्या तिहींत प्रतिपक्ष सरस ठरला. चौथ्यात मध्यंतराला १३-६ अशी आघाडी असूनही उत्तरार्धात बफेलोला एकही गुण मिळविता आला नाही. ह्यात प्रशिक्षकाची जबाबदारी नाही काय? आहेच. लेव्ही स्वतः जिंकण्यासाठीच उतरत होते, हरण्यात काव्य शोधण्यासाठी नव्हे, आणि त्यांना हुतात्मा करणे हे त्यांच्यावर दुसऱ्या प्रकारे अन्याय करणे ठरेल. परंतु निकाल महत्त्वाचा असणे आणि निकाल हाच एकमेव अर्थ असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमुक सामना का हरला हे विचारणे ही समीक्षा आहे. तो हरला म्हणून त्या माणसाची पंचेचाळीसहून अधिक वर्षे व्यर्थ गेली, असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

ह्या आळसाची दोन रूपे आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांत शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एक म्हणजे यशोगाथा: ज्यांत शेवटी शिखर आहे अशाच आयुष्यांची निवड. दुसरे अधिक फसवे आहे. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे सुभाषित घेऊन ते येते आणि अपयशाचा कैवार घेतल्याचे भासविते, पण प्रत्यक्षात त्याला केवळ जिन्याची किंमत देते. वर मजला नसेल तर त्या पायऱ्यांना तेथेही स्थान नाही. लेव्हींच्या कारकिर्दीला हे दोन्ही साचे लागू पडत नाहीत. पाचवा, जिंकलेला सुपर बोल त्यांच्या आयुष्यात आलाच नाही. १९९७ चा हंगाम ६ विजय आणि १० पराभवांवर संपला आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते मैदानावरून उतरले. २००६ आणि २००७ अशी दोन वर्षे ते बफेलोचे महाव्यवस्थापक म्हणून परतले, तेव्हाही शिखर आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. जो जिना कोणत्याच मजल्यावर पोहोचत नाही, त्याच्या प्रत्येक पायरीचे मोल स्वतंत्रपणे करण्यावाचून वाचकाला गत्यंतर उरत नाही. आमच्या मते हीच ह्या कारकिर्दीची वाचकाला मिळालेली देणगी आहे.

लेव्हींना प्रमाणाची जाण होती, ह्याचा एक दाखला येथे देण्यासारखा आहे. सुपर बोल हा 'जिंकलाच पाहिजे' असा सामना आहे काय, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा असा सामना म्हणजे दुसरे महायुद्ध, ह्या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सैन्यात दाखल झालेल्या पिढीचा माणूस हे बोलत होता, म्हणून ह्या उत्तरात नुसती कोटी नाही. कोणत्या गोष्टीत हार परवडत नाही आणि कोणत्या गोष्टीत ती सोसता येते, हा विवेक त्यात आहे. सामना सुरू होण्यापूर्वी ते खेळाडूंना नेहमी एकच प्रश्न विचारीत: ह्या क्षणी, ह्या जागेखेरीज आणखी कोठे असावे असे तुम्हांला वाटते? २००४ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही ह्याच प्रश्नातून आले आहे. हा प्रश्न निकालापूर्वीचा आहे. त्याचे उत्तर निकालाने बदलत नाही.

आमच्या वाचकांत अध्यापक पुष्कळ आहेत, म्हणून एक शेवटचा मुद्दा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आज किती तरी तरुण मंडळी तासिका तत्त्वावर, एका गावाहून दुसऱ्या गावी, वर्षागणिक नव्या नेमणुकीच्या आशेवर साहित्य शिकवीत फिरत आहेत. त्यांच्या कामाची नोंद निकालाची टक्केवारी आणि भरलेले तास अशा दोन रकान्यांत होते. कायम नेमणूक हे त्यांच्या कथेचे एकमेव मान्य शेवटचे पान, आणि ते अनेकांच्या वाट्याला कधीच येणार नाही. ह्या अन्यायावर 'प्रवासातच आनंद आहे' असे सांगून पांघरूण घालणे हा निर्दयपणा होईल. पोटाचा प्रश्न वाचनपद्धती बदलून सुटत नाही आणि त्यासाठीचा लढा वेगळ्या जागी लढायचा आहे. परंतु त्या लढ्यातही आपल्या कामाचे मोल काय, हे ठरविण्याचा अधिकार आपण रकान्यांच्या हाती देऊन बसू नये. कॅलिफोर्नियातील त्या आठ विजय आणि एकोणतीस पराभवांच्या वर्षांत, कोणाच्या तरी हाताखाली कोणी तरी काही शिकत होते. आपल्या वर्गातही ते चालू असते.

चरित्र हा वाङ्मयप्रकार आपण शिकवितो तेव्हा विद्यार्थ्यांना बहुधा 'नायकाच्या यशाची कारणे लिहा' असा प्रश्न घालतो. एखाद्या वर्षी तो बदलून पाहावा. शेवटचे प्रकरण बाजूला ठेवून उरलेले चरित्र वाचायला द्यावे आणि विचारावे, की हा माणूस आपले काम चांगले करीत होता काय, आणि ते तुम्ही कशावरून ठरविले? उत्तरे यशस्वी शेवटाच्या आधाराविना लिहावी लागतील, त्यामुळे ती अवघड जातील. आमच्या वाचकांपैकी कोणी हा प्रयोग केल्यास मुलांनी काय लिहिले, हे जाणून घेण्यास आम्ही उत्सुक आहोत.